उंदीर पडलेलं घर

कोल्हापूर, ता. ९ जानेवारी १९००

कुतुबुद्दीन यास थोरल्या भावाचा सलाम. लालबीला दुवा. तुमच्या पोरीच्या, मेहमुदाच्या गालाला माझा एक चिमटा.

पत्र फाडायचंच असलं तर वाचून फाड. आजऱ्यापर्यंत ते एवढं धडपडत येणार, त्याची तरी कदर कर.

तुम्ही सासुरवाडीला सुखरूप पोचल्याचं मला परक्या माणसाकडनं कळलं. अम्माच्या चाळीसाव्यालाही मी निघालो हुतो. गडहिंग्लजपर्यंत आलतो. तिथनं परत फिरलो. का फिरलो ते विचारू नको.

आता मी पहारेकरी झालोय. हसू नको. पिळेगाच्या साथीत लोक गाद्या जाळतात, पिंजून घेत न्हाईत. पिंजाऱ्याला कोण विचारतो? म्हणून दंडाला लस टोचून घेतली, हातात काठी घेतली, आणि रिकाम्या पेठेतली कुलपं बघत फिरतो. सगळी माणसं माळावरच्या झोपड्यांत न्हाईतर पावण्यांकडं. सकाळी केरबा हवालदार एक फेरी मारून जातो, की मग दिवसभर मी आणि माझ्या वहाणांचा आवाज. शेजारच्या आक्काच्या तुळशीला मीच पाणी घालतोय. परत आल्यावर म्हणंल, मेल्यानं तुळस बाटवली. म्हणू दे. वाळून जाण्यापरीस बाटलेली बरी.

उंदीर पडला म्हणून तपासणीवाल्यांनी तुझ्या घरावर काढलेली लाल खूण अजून तशीच हाय. माजघरावरची कौलं उतरवलीत, ऊन थेट चुलीपर्यंत येतंय. कोपऱ्यावरची तेवढी कौलं शिल्लक हाईत. तुझा कापूस त्या लोकांनी जाळला, म्हणून माझ्या घरचा होता न्हवता तेवढा कापूस मी शिडी लावून आपल्या मधल्या भिंतीवरनं त्या कोपऱ्यात टाकलाय. तो तुझा. ह्यावर काय बोलू नको.

एक शेवटचं. तुझ्या घरात उंदीर पडला ही चुगली तपासणीवाल्यांकडं मी केली, असं तू चारचौघांत बोललास. तुम्हाला माळावरच्या सरकारी छपरात डांबलं आणि तिथं अम्मा गेली ती माझ्यामुळं, असं बोललास. कुतुब, मी चुगली केली न्हाय. कुराणावर हात ठेवून सांगतो. कुणालाही विचार.

बादशहा


ता. २१ जानेवारी

कुतुबुद्दीन यास,

उत्तर न्हाय. बरं. मी बोलतो, तू ऐक. तसंही लहानपणापासनं असंच चालत आलंय.

माणसं गेली आणि जनावरांनी पेठ घेतली, बघ. पहिल्यांदा वानरं आली. कौलांवर बसून अशी उवा बघतात, जशी काय त्यांच्या आजोबानं घर बांधलंय. मग कोल्ही. कृष्णात तेल्याच्या ओट्यावर भर दुपारी तीन कोल्ही पसरलेली असतात. मी काठी आपटली तर एकानं जांभई दिली. जांभई! मी सरकारी माणूस, लेका! पलीकडच्या बोळात डुकरांनी अंगणं नांगरून काढलीत.

तू म्हणशील, लागला भाई थापा मारायला. मोहरमात मी वाघाचं सोंग घ्यायचो, तेव्हा सांगायचो न्हवं, की रंकाळ्यावर मला खरा वाघ भेटला आणि भाऊबंद समजून वाट सोडून गेला? पेठेनं ते कधी इसरलं न्हाय. अजून लोक मला थापाड्या बादशहाच म्हणतात. पण आता सांगतो ते ऐक.

परवा चारच्या सुमाराला आक्काच्या परसातल्या भिंतीवर बिबळी वाघीण बसली हुती. केरबा हवालदाराचं कुत्रं चार दिवस दिसत न्हवतं, ते का, हे मला तेव्हा उमजलं. माझ्यात आणि तिच्यात दहा पावलं. माझी काठी हातातनं पडली, ती मी आवाज झाल्यावर बघितली. तिनं मला वरनं खालपर्यंत न्याहाळलं. पोट खाली लोंबत हुतं, पोटुशी हुती. मग उठली आणि भिंतीवरनं चालत गेली. घाई न्हाय काय न्हाय.

खरं सांगू? ती गेली तेव्हा मला वाईट वाटलं. तुझी भाभी ताजबी गेली त्याला दोन वर्सं झाली, अम्माही गेली, तुम्ही आजऱ्याला. एवढ्या दिवसांत माझ्याकडं कुणी इतका वेळ बघितलंच न्हवतं.

एखादी ओळ टाक. शिवी दिलीस तरी चालंल.

बादशहा


ता. ३ फेब्रुवारी

कुतुबुद्दीन यास,

हे पत्र नीट वाच, लालबीला वाचून दाखव. तुम्ही इतक्यात येऊ नका.

माळावर दवंडी पिटलीय की वीस तारखेपासनं माणसांनी घरला यावं. आणि तुझ्या घरात ती वाघीण व्यालीय.

माजघरातल्या त्या कोपऱ्यात, मी टाकलेल्या कापसावर. चार दिवस भिंतीपलीकडनं घुरघुर येत हुती. शिडीवर चढून डोकं वर काढलं तर ती आडवी पडलेली, आणि पोटाशी दोन पिल्लं लुचत हुती. डोळे मिटलेले, मांजराएवढी न्हाईत. तिनं मान उचलून दात दाखवले. मी शिडीवरनं उतरलो म्हणू नको, पडलोच. कमरेत उसण भरलीय.

उघड्या कौलांतनं ती येती, परसातनं भिंतीवर, भिंतीवरनं आत. कापूस मीच टाकला. असलं मऊ अंथरूण बघितल्यावर कुठली बाळंतीण सोडंल?

मी लगोलग केरबा हवालदाराकडं गेलो. त्यानं शिकारखान्यातले दोन बंदूकवाले आणले. गल्लीत आले, तुझ्या दारावरची लाल खूण बघितली, आणि थांबले. एकजण म्हणाला, "हवालदार, ह्या घरात उंदीर पडलाय."

"पडलाय की. महिने झाले त्याला."

"मग आमी आत पाय ठेवणार न्हाय. वाघाच्या तोंडात जा म्हणा, जातो. ह्या घरात न्हाय."

मी म्हणालो, "अवो, शिडीवरनं तरी बघा!" तर त्यांना भिंतीला हात लावायचं पण भ्या. तिथनंच दोन डबे बडवले, दाराच्या फटीतनं डोकावले. ती आत अशी गप्प बसली, की जशी न्हाईच. केरबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बादशहा, मोहरमाला येळ हाय अजून." तिघंही खिदळत गेले.

तेव्हा मला एक गोष्ट सांगता आली असती, की ते आत गेले असते. ती मी सांगितली न्हाय.

मेहमुदाची सवय तुला ठाऊक हाय. बैलगाडीतनं उतरली की सरळ माजघरात पळंल, अम्माची जागा बघायला. मी दारात आडवा उभा राहिलो तर तू मला ढकलून आत जाणार, हेही मला ठाऊक हाय. म्हणून हात जोडतो. मी लिहीपर्यंत येऊ नका.

बादशहा


ता. ८ फेब्रुवारी

कुतुब,

तुझं उत्तर मिळालं. मला न्हाय, केरबा हवालदाराला आलं. त्यानं गल्लीत उभं राहून मोठ्यानं वाचलं. ऐकायला मी आणि वानरं. "माझ्या भावाला सांगा, घर बळकावायला वाघ आणायची गरज न्हाय. चुगली करून अम्माला घालवलीस, आता आमाला घालवतोस. वीस तारखेला पोरीला घेऊन येतोय. तू दारात दिसलास तर हात उगारीन."

एकदा तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. तुझा दोष न्हाय.

म्हणून आता तुला एक खरं सांगतो. ते वाचून तुला पटंल की वाघिणीचंही खरं हाय. माझ्याकडं दुसरी खूण न्हाय.

तो उंदीर तुझ्या घरात पडला न्हवता. माझ्या घरात पडला हुता.

गुरुवारची सकाळ. पिंजण काढायला गेलो तर खाली कापसात मरून पडलेला. घरावर लाल खूण, कौलं खाली, कापसाची राख, आणि मी एकटा माळावर. दुसरा काय विचारच आला न्हाय. शेपटीला धरला आणि भिंतीवरनं तुझ्या परसात टाकला. आपण भिंत घातल्यापासनं लालबी कांद्याची सालं इकडं टाकती, मी कापसाचा कचरा तिकडं टाकतो, तसाच. मनात म्हटलं, मांजर नेईल.

मांजरानं न्हेला न्हाय. लालबीला दिसला, ती किंचाळली, आणि तपासणीवाले नेमके गल्लीच्या तोंडाशी. चुगली कुणीच केली न्हवती. म्हणून तर कुराणावर हात ठेवायची मला हिंमत झाली.

पुढचं सगळं मी दाराआड उभा राहून ऐकलं. अम्मा म्हणत हुती, "बादशहाला हाक मारा रे. त्यो बोलंल त्यांच्याशी. बोलण्यात त्यो कुणाला ऐकत न्हाय." तू हाक मारलीस. दोनदा. मी घरातच हुतो. तुला वाटलं, भाई कामावर गेला असंल.

तिला गाडीत बसवली तेव्हा ती माझ्या दाराकडं बघत हुती. फटीतनं मला दिसलं. सहाव्या दिवशी त्या गारठ्यात तिचा दमा चढला आणि ती गेली. तिला पिळेग न्हवता. तुमच्यातल्या कुणालाच न्हवता. असता तर मला असायला पायजे हुता.

गडहिंग्लजला परत का फिरलो ते आता कळलं असंल. तुझ्या पुढ्यात बसून अम्माच्या नावाचा घास माझ्या नरड्याखाली उतरला नसता.

मी खोटारडा हाय, कुतुब. पण खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या तोंडाला शेण फासून घेईल का, एवढाच विचार कर. पोरीला आणू नको.

बादशहा


ता. १६ फेब्रुवारी

कुतुब,

ती गेली. घर मोकळं झालं.

तुझं उत्तर येईना. गप्प बसून चालणार न्हवतं. माझ्याकडं बंदूक न्हाय. मग पिंजणीकडं लक्ष गेलं. अम्मा सांगायची बघ, तू पोटात असताना अब्बा पिंजायला बसले की तिला दुसऱ्या घरात जाऊन पडायला लागायचं. डोकं उठायचं तिचं. मनात म्हटलं, ही पण बाळंतीण. बघू सोसतंय का.

मधल्या भिंतीला टेकून बसलो. कापूस तर सगळा तुझ्याकडं. पिंजणीच्या नुसत्या ताणलेल्या तातीवर ठोका. टँव, टँव, टँव. उजाडल्यापासनं दिवस मावळेपर्यंत. पहिल्या दिवशी तिनं गुरगुरून जीव घेतला. भिंतीपलीकडनं अशी धडक दिली की माझ्या अंगावर माती पडली. मी थांबलो न्हाय. बोटं सोलली, फडकं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी गुरगुर कमी झाली. रिकाम्या गल्लीत तेवढाच आवाज. मला मात्र अब्बा, तू आणि मी एका ओळीत बसून पिंजत हुतो ते दिवस आठवले. मग रडू आलं. हात चालूच हुता.

तिसऱ्या दिवशी फटफटायच्या वेळेला भिंतीवर चाहूल लागली. ती हुती. तोंडात पिल्लू धरलेलं, मानगुटीला. माझ्याकडं बघितलं. पिंजण माझ्या मांडीवर, ठोकायचं लाकूड हातात. ती परसाकडं उतरली. थोड्या वेळानं परत आली आणि दुसरं घेऊन गेली. दोन्ही न्हेली. मी मोजली.

ऊन वर आल्यावर मी लगेच कौलं चढवायला घेतली. कमरेची उसण इसरलो. तुम्ही यायच्या आत घर घरासारखं दिसायला पायजे, एवढंच डोक्यात. दुपारपर्यंत सगळं छप्पर झाकलं. एक फट ठेवली न्हाय. दार तुझ्या कुलपातच हाय. आता खुशाल या. बाकीचं बोलायचं तेव्हा बोलू, मारायचं तेव्हा मार.

बादशहा


ता. ५ मार्च

कुतुब,

तुझं कार्ड पोचलं. तुझंच अक्षर बघून मी ते आधी कपाळाला लावलं, मग वाचलं.

"वाघिणीचं खरं मानलं, म्हणून पोरीला आणलं न्हाय. उंदराचंही खरं मानलं, म्हणून आमी कधीच येणार न्हाय."

बरोबर हाय. मी काय मागणार न्हाय. पण तू मला खरं मानलंस, तर आता अर्धवट खरं सांगून भागणार न्हाय. मागच्या पत्रात एक राहिलंय.

कौलं चढवताना आतनं चूं चूं असा आवाज येत हुता. मला वाटलं, उंदीर. कापसात शिरला असंल. कुतुब, मला उंदराचं असं भ्या बसलंय की मी वाकून बघितलंसुद्धा न्हाय. पटापटा कौलं लावली आणि खाली उतरलो.

त्याच संध्याकाळी ती परत आली. छपरावर वजन पडल्याचा आवाज झाला. कौलं खरवडायला लागली. मला वाटलं, मोकळी जागा शोधतीय, जाईल. एक कौल फुटलं, पण खाली लाकडाची रीप हुती आणि मी ती नवीन ठोकून घट्ट बसवलेली. दुसऱ्या दिवशी परत. आता तिचा आवाज वेगळा हुता. गुरगुर न्हवती. मी आतनं कडी घालून बसलो. दाराच्या फटीतनं बघत. तसाच, त्या गुरुवारसारखा.

तिसऱ्या दिवशी ती आली न्हाय आणि आतला आवाजही बंद झाला. तेव्हा मला उमगलं. शिडी लावली, चार कौलं काढली, खाली उतरलो.

पिल्लं तीन हुती. तिसरं कापसाच्या तळाला हुतं. सगळ्यांत बारकं. अंगाला हात लावला तर थंड. आईला सापडावं म्हणून बिचारं सरकत सरकत दाराच्या बाजूला आलं हुतं. डोळे नुकते उघडले हुते.

मी त्याला त्याच कापसात गुंडाळून परसात पुरलं. वर दगड ठेवला. नंतर ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. पिल्लासाठी की अम्मासाठी, हे मला सांगता येणार न्हाय. तिनंही सहा दिवस त्या छपरात दाराकडंच बघितलं असंल.

पेठ आता भरलीय. आक्का आली. तुळस हिरवी बघून म्हणाली, "बादशहा, तूच घातलंस व्हय पाणी?" आणि गूळ दिला, बाटवली म्हणाली न्हाय. कृष्णात तेल्याचा घाणा फिरतोय, पोरं बोंबलत पळत्यात. केरबा हवालदारानं काठी परत घेतली. मला सगळे थापाड्या म्हणत वाघिणीची गोष्ट सांग म्हणतात. मी सांगत न्हाय. आयुष्यात पहिल्यांदा खरी गोष्ट हाताला लागली आणि मला ती सांगवंना.

काल मी हवालदाराच्या देखत तुझ्या दारावरची लाल खूण खरवडून काढली आणि माझ्या दारावर चुन्यात तांबडी काव कालवून काढली. केरबा म्हणाला, "येडा झालास काय?" मी म्हणालो, "उंदीर हितं पडला हुता." गल्लीतली चार माणसं ऐकत हुती. त्यांनी मान खाली घातली. आता माझ्याकडं कुणी पिंजायला कापूस टाकत न्हाय. व्हायचं ते झालं.

माजघरावरची कौलं मी परत उतरवून ठेवलीत. ती आता येणार न्हाय, मला कळतंय. तरी झाकवत न्हाय. येणार असलास तर पाऊस लागायच्या आधी दोन ओळी टाक, म्हंजे चढवतो.

तुझा भाई,
बादशहा